एक कोटी सदुसष्ट लाख पायऱ्या, तरी पाटी लुकलुकते

भोपाळच्या रायसेन रोडवरचं आनंद नगर गेममध्ये हुबेहूब उभारायचं म्हटलं, तर पहिली अडचण जमिनीचीच येते. माइनक्राफ्टमध्ये एक ठोकळा म्हणजे एक मीटर. २०२० साली जगभरच्या खेळाडूंनी ‘बिल्ड द अर्थ’ नावाचा उद्योग आरंभला तो याच मापाने: अख्खी पृथ्वी, एकास एक. पण माइनक्राफ्टचं नेहमीचं जग आज ३२० ठोकळ्यांच्या उंचीवर संपतं आणि भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचावर आहे. म्हणजे पहिली वीट ठेवण्याआधीच रायसेन रोड आभाळाच्या वर! ‘बिल्ड द अर्थ’वाल्यांनी ‘क्युबिक चंक्स’ हा मॉड लावून ही अडचण सोडवली.

समजा, आपणही सोडवली. मॅप तयार झाला, मित्रमंडळी खेळायला आली. आता तक्रारी दोनच येणार: “दुकानाची पाटी लुकलुकतेय” आणि “फार लॅग होतंय.” दोन्हींची उत्तरं आकड्यांत आहेत, आणि आकडे चक्रावून टाकणारे आहेत.

पाटी आणि भिंतीची मारामारी

भिंतीपुढे १ सेंटीमीटर अंतरावर पाटी लावली आहे. प्रत्येक पिक्सेलपाशी कॉम्प्युटरला एकच ठरवायचं असतं, पुढे कोण: पाटी की भिंत? त्यासाठी तो प्रत्येक बिंदूचं अंतर नोंदवतो, बहुतेकदा २४ बिटांत. म्हणजे अंतर मोजायला १,६७,७७,२१६ पायऱ्यांचा जिना. पण या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात.

खेळाडूला १० सेंटीमीटरपासून १० किलोमीटरपर्यंतचं दिसावं, अशी सेटिंग ठेवली आहे असं धरा. निम्म्या पायऱ्या, म्हणजे ८३ लाखांहून जास्त, पहिल्या १० ते २० सेंटीमीटरांतच संपतात. एक मीटरपर्यंत दीड कोटी उडालेल्या असतात. आणि एक किलोमीटरपासून दहा किलोमीटरपर्यंतच्या सगळ्या मुलखाला उरतात जेमतेम दीड हजार! एक किलोमीटरवर एक पायरी ६० सेंटीमीटरची होते, दहा किलोमीटरवर तब्बल ६० मीटरची.

आपल्या पाटीचं गणित बिघडतं ते साधारण १३० मीटरवर. तिथे पायरीच एक सेंटीमीटरची होते, पाटी आणि भिंत एकाच पायरीवर येतात. मग निकाल लागतो तो गणितातल्या बारीकसारीक चुकांवर. खेळाडूची मान जरा वळली, की त्या चुका बदलतात. या फ्रेममध्ये पाटी पुढे, पुढच्या फ्रेममध्ये भिंत. गेमवाले याला झेड-फायटिंग म्हणतात. पाटी भिंतीला अगदी चिकटवली, अंतर शून्य ठेवलं, तर १३० मीटरही लागत नाहीत. नाकासमोरच लुकलुक सुरू होते.

उपाय फुकट आहे. जवळची मर्यादा १० सेंटीमीटरऐवजी एक मीटर केली, तर हीच पाटी ४०० मीटरपर्यंत स्थिर राहते. मात्र भिंतीला नाक लावलं, तर भिंत कापल्यासारखी दिसते, म्हणून मधला आकडा निवडायचा. आजची बरीच इंजिनं आणखी हुशारी करतात: अंतराची मोजणी उलटी करतात, लांबच्याला शून्य आणि जवळच्याला एक, आणि दशांशातली ३२ बिटी संख्या वापरतात. मग हिशेबात एक किलोमीटरवरची पायरी ६० सेंटीमीटरवरून दशांश मिलिमीटरच्या आसपास येते.

पुण्याहून मोजलं, तर हात थरथरतात

दुसरी लुकलुक जागेच्या मोजणीतून येते. बरेच गेम वस्तूची जागाही दशांशातल्या ३२ बिटी संख्येत ठेवतात. तिची अचूकताही २४ बिटांचीच, म्हणून इथेही तोच आकडा भेटतो: १,६७,७७,२१६. त्यात एक मिळवून बघा, उत्तर येतं १,६७,७७,२१६!

मॅपचा शून्य बिंदू कुणी हौसेनं पुण्याच्या शनिवारवाड्यावर ठेवला आणि मीटरमध्ये मोजत भोपाळला आला, तर अंतर होतं सहाशे किलोमीटरांहून जास्त. एवढ्या लांब ही संख्या सव्वासहा सेंटीमीटरच्या उड्यांनीच सरकू शकते. पात्राची बोटं, दाराची कडी, गाडीचं चाक, सगळं थरथरतं. शून्य बिंदू आनंद नगरातच ठेवला, तर एक किलोमीटरच्या आत ही उडी ०.०६ मिलिमीटर होते. शून्याची जागा बदलली आणि अचूकता १,०२४ पट वाढली.

लॅग कुठून येतो?

सेकंदाला ६० फ्रेम हव्यात, म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला १२,४४,१६,००० वेळा रंग ठरवायचा. हौशी मॅपवाला पारदर्शक पानांची दाट झाडी लावतो, तेव्हा एकाच पिक्सेलवर पाच पानं एकामागून एक रंगवावी लागली, तर आकडा ६२ कोटींवर जातो. पाणीही तसंच पारदर्शक. भोपाळचा मोठा आणि छोटा तलाव मिळून जी भोज पाणथळ आहे, ती ३,२०१ हेक्टरांची. एकास एक बांधली, तर नुसत्या वरच्या थराला ३,२०,१०,००० ठोकळे लागतात.

आता रेंडर डिस्टन्स, म्हणजे खेळाडूच्या चारही बाजूंना किती चंकांपर्यंतचं जग दिसावं ते. माइनक्राफ्टचा एक चंक १६ बाय १६ बाय ३८४, म्हणजे ९८,३०४ ठोकळ्यांच्या जागा. डिस्टन्स १६ ठेवला, तर खेळाडूभोवती १,०८९ चंक आणि १०,७०,५३,०५६ जागा. तोच ३२ केला, तर ४१,५३,३४,४००. स्लायडर दुप्पट सरकला, काम जवळजवळ चौपट झालं. निम्म्याहून अधिक जागी नुसती हवा असते आणि झाकलेल्या बाजू काढल्याच जात नाहीत, म्हणून तरी मशीन तग धरतं.

चित्र सुरळीत असूनही खेळ अडखळतो, तेव्हा खुराड्यात डोकावावं. माइनक्राफ्ट सेकंदाला २० वेळा जगाचा हिशेब करतो, एका वेळेला ५० मिलिसेकंद. १०० कोंबड्या एकाच खुराड्यात कोंबल्या, तर एकमेकींना धक्का देऊ शकतील अशा ४,९५० जोड्या होतात. १,००० कोंबड्यांच्या ४,९९,५००. दहापट कोंबड्या, शंभरपट भांडणं. गेमच्या जावा आवृत्तीत तर एका जागी २४ हून जास्त प्राणी दाटले, तर ते चेंगरून मरू लागतात.

राहिला पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. तिथे मॅपवाल्याचा इलाज चालत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर सिंगापूरला असेल, तर भोपाळहून पावणेचार हजार किलोमीटर सरळ रेषेत जाऊन परत यायला किमान ३७ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. दोन फ्रेम तर निसर्गच खातो.

या सगळ्यात मशीन कुठेच दुबळं पडलेलं नाही. ८३ लाख पायऱ्या नाकासमोरच्या १० सेंटीमीटरांवर, ३० कोटी जागा धुरकट क्षितिजावर आणि पाच लाख जोड्या खुराड्यावर कुणीतरी आपल्या हातानं खर्च केल्या आहेत. म्हणून महागडं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात: जवळची मर्यादा, शून्य बिंदू, रेंडर डिस्टन्स आणि कोंबड्या. चारही दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही.