नोंदवहीपासून गोशवाऱ्यापर्यंत

बेळगावहून पुण्याच्या दिशेने महामार्गाने निघाले असता थोड्याच अंतरावर काकती हे गाव लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे हे जन्मस्थान. गाव जागचे हलले नाही. परंतु कागदोपत्री त्याचा पत्ता वेळोवेळी बदलत गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये बेळगावचे शासकीय नाव बेळगावी झाले. गावाचे नावही कोणी मराठीत लिहितो, कोणी कन्नडमध्ये, कोणी इंग्रजीत; इंग्रजीत तर एखादे अक्षर कमीअधिक होते. वाचणाऱ्या माणसाला ही सर्व रूपे एकाच गावाची वाटतात. संगणकाला मात्र ती निरनिराळी गावे वाटतात. शाळेचा पट, पाणीपट्टीची वसुली, दूध संस्थेचे संकलन यांचे गोशवारे आता संगणकावर होत असल्यामुळे ही गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकावरील तक्त्यास स्प्रेडशीट म्हणतात. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये 'व्हिसिकॅल्क' हा असा तक्ता तयार केला. १९८५ मध्ये 'एक्सेल' आले. आडव्या ओळी आणि उभे रकाने ही त्याची रचना आपल्या खतावणीसारखीच आहे. अहवाल तयार करणारी प्रणाली ही याहून वेगळी वस्तू होय. २०१५ मध्ये आलेली 'पॉवर बीआय' ही त्यांपैकी एक. अशी प्रणाली तक्त्यातील नोंदी वाचते, बेरीज व तुलना करते आणि आलेख काढून दाखविते. मूळ नोंद करण्याचे काम तिचे नाही.

पूर्वी गावचे आकडे तालुक्याच्या तक्त्यात व तालुक्याचे जिल्ह्याच्या तक्त्यात हाताने उतरवून घेतले जात. खाली एखादी चूक दुरुस्त झाली तरी ती दुरुस्ती वर पोहोचेलच याची शाश्वती नसे. तक्ता अहवालप्रणालीस जोडला म्हणजे ही नक्कल टळते. तक्त्याची फाइल कोठे आहे आणि तिच्यातील कोणते रकाने घ्यावयाचे, हे प्रणालीस एकदाच सांगावे लागते. त्यानंतर 'रिफ्रेश' अशी आज्ञा दिली की ती मूळ तक्ता पुन्हा वाचते. मात्र फाइलची जागा, तिचे नाव किंवा रकान्याचे शीर्षक मध्येच बदलले तर हा दुवा तुटतो.

जोडण्यापूर्वी तक्ता स्वच्छ असावा. एका ओळीत एकच नोंद आणि एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती असावी. शोभेसाठी दोन घरे एकत्र करू नयेत. मधल्या बेरजा तर मुळीच ठेवू नयेत. समजा, एका वर्गात २२ मुली व १८ मुलगे आहेत आणि तक्त्याच्या तळाशी ४० ही बेरीजही लिहिली आहे. प्रणाली ती बेरीजसुद्धा नोंद समजून मोजते आणि अहवालात ८० मुले दिसू लागतात. बेरीज करणे हे अहवालाचे काम. ते त्याच्यावरच सोपवावे.

यानंतरचा प्रश्न ओळखीचा. हजेरीचा तक्ता आणि शाळांच्या यादीचा तक्ता एकमेकांस जोडावयाचा असेल, तर दोहोंत एक समान खूण लागते. नाव हे त्यासाठी भरवशाचे नाही, हे काकतीच्या उदाहरणावरून दिसतेच. म्हणून प्रत्येक शाळेस यू-डायसचा अकरा अंकी क्रमांक दिलेला असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. कर्नाटकासाठी २९ व महाराष्ट्रासाठी २७. नावाची भाषा वा वर्णलेखन बदलले तरी क्रमांक तोच राहतो. असे क्रमांक तक्त्यात 'मजकूर' म्हणून नोंदवावेत. संख्या म्हणून लिहिल्यास आरंभीचे शून्य गळून जाते, आणि पंधरापेक्षा अधिक अंकांची संख्या असेल तर एक्सेल पुढील अंकांच्या जागी शून्ये घालते. बँकेच्या लांबलचक खातेक्रमांकांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे.

निष्काळजीपणाची किंमत किती पडते याचे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. २०२० मध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ कोरोना रुग्ण दैनंदिन आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांची माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये घेतली जात होती, आणि तिच्या एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी कोणतीही सूचना न मिळता गळाल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्या लोकांचा शोध त्यामुळे लांबला. यास्तव मूळ तक्त्यात ओळी किती व अहवालात किती पोहोचल्या, याचा ताळा प्रत्येक वेळी घ्यावा. किर्द आणि खतावणी जुळविल्यावाचून दिवस न संपविण्याची जुन्या कारकुनांची शिस्त येथेही तितकीच उपयोगी आहे.

वरिष्ठ कार्यालयाकडे गोशवारा पाठविताना त्यात नागरिकांची नावे, आधार क्रमांक वा दूरध्वनी क्रमांक विनाकारण जाऊ देऊ नयेत. बेरजेसाठी त्यांची गरज नसते.

शाळेतील मध्यान्ह भोजनाचे धान्य मुलांच्या संख्येवरून ठरते. जे मूल तक्त्यातून गळाले, त्याच्या वाट्याचा तांदूळ मागितलाच जात नाही. म्हणून अहवाल तयार झाल्यावर तो कार्यालयाच्या पडद्यावरच न ठेवता ग्रामसभेत व शाळेच्या पालकसभेत वाचून दाखवावा. आपल्या वाडीत किती घरे व किती मुले आहेत हे गावकऱ्यांना तोंडपाठ असते. आकडा चुकला असेल तर तो प्रथम त्यांच्याच ध्यानात येईल. दुरुस्ती मात्र अहवालात न करता मूळ नोंदीतच करावी, म्हणजे ती पुढे प्रत्येक गोशवाऱ्यात आपोआप उतरेल.