वाद्यवृंदाची तालीम आणि चित्रफीत

पाश्चात्य अभिजात संगीताचा वाद्यवृंद प्रथमच पाहणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. ऐंशी-नव्वद वादक आपापली वाद्ये वाजवीत असतात आणि त्यांच्यासमोर चौथऱ्यावर उभा असलेला एकच मनुष्य काहीही वाजवीत नसतो. तो हातातील छडी हालवितो, डोळ्यांनी खुणावितो, क्वचित डोळे मिटूनही घेतो. आणि कार्यक्रम संपल्यावर पहिली मानवंदना मात्र त्यालाच मिळते. हा मनुष्य नेमके करतो तरी काय ? मैफलीच्या चित्रफितीवरून या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळत नाही. ते मिळते तालमीच्या चित्रफितीवरून. कारण संचालकाचे पुष्कळसे काम श्रोते येण्यापूर्वीच होऊन गेलेले असते.

आपल्याकडे गायक राग मांडू लागला की साथीदार त्याच्या अंगाने जातात आणि बरेचसे संगीत तेथल्या तेथे घडते. वाद्यवृंदाची रीत निराळी आहे. रचनाकाराने प्रत्येक वाद्याचे स्वर आधीच लिहून ठेवलेले असतात. वादकासमोर केवळ त्याच्या स्वतःच्या वाद्याची स्वरलिपी असते. शेजारचा काय वाजविणार हे तीत नसते. टिंपनी वाजविणाऱ्याला तर कित्येकदा पन्नास-साठ मात्राखंड नुसते मोजीत बसावे लागते. सर्व वाद्यांची एकत्र स्वरलिपी असते ती संचालकापुढे. शिवाय अंतराचीही एक अडचण आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचाच्या दोन टोकांना सतरा मीटर अंतरावर बसलेल्या वादकांना एकमेकांचा स्वर सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. द्रुत लयीत एवढा विलंबही गोंधळ माजविण्यास पुरेसा होतो. म्हणून केवळ कानांवर विसंबून चालत नाही, डोळ्यांना दिसणारी खूण लागते. परंतु लय राखणे हा संचालकाच्या कामाचा सोपा भाग झाला. लिहिलेल्या स्वरांचा अर्थ काय लावावयाचा, हे ठरविणे आणि ते ऐंशी जणांना पटविणे हा अवघड भाग होय.

वाद्यवृंद चित्रित करण्याचे प्रयत्न बोलपटाच्याही आधीचे आहेत. प्रसिद्ध संचालक आर्थर निकिश यांची १९१३ सालची एक मूक चित्रफीत आहे. तीत त्यांचे हात व मुद्रा दिसतात, संगीत मात्र ऐकू येत नाही. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘इन्स्ट्रुमेंट्स ऑफ दि ऑर्केस्ट्रा’ हा शैक्षणिक चित्रपट निघाला. त्यासाठी बेंजामिन ब्रिटन यांनी रचना केली आणि माल्कम सार्जंट यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालन केले. एकेका वाद्याची ओळख करून देणारी ती रचना आजही शाळांतून ऐकविली जाते. अमेरिकेत २० मार्च १९४८ रोजी आर्तुरो तोस्कानिनी यांची मैफल प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसली. लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९५८ पासून १९७२ पर्यंत मुलांसाठी त्रेपन्न कार्यक्रम केले. त्यांत ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाला मध्येच थांबवून, एखादी ओळ वेगळी वाजवून दाखवून, मुलांशी बोलत पुढे जात.

अर्थात कॅमेरा नेहमीच शुद्ध हेतूने येतो असे नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असता, बर्लिनमधील एका कारखान्यात विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांच्या संचालनाखाली वाग्नर यांच्या संगीताचे वादन झाले व ते चित्रित करण्यात आले. यंत्रांमध्ये उभे राहून तन्मयतेने ऐकणारे कामगार तीत दिसतात. नाझी राजवटीला आपल्या प्रचारासाठी नेमके तेच हवे होते. संगीत उत्तम, वादक उत्तम. आणि तरीही ती चित्रफीत निरागस मनाने पाहता येत नाही.

चित्रीकरणाच्या तंत्राचाही संगीतावर परिणाम होतो. ३५ मिलिमीटरच्या चित्रपट-कॅमेऱ्यात एका वेळी घातली जाणारी हजार फुटांची फीत सुमारे अकरा मिनिटांत संपते. सिंफनीचा एकच भाग पंधरा मिनिटांचा असू शकतो. त्यातून जुन्या कॅमेऱ्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात शिरे. यावर उपाय म्हणून संगीत आधी ध्वनिमुद्रित करावयाचे आणि मग ते लावून वादकांनी वाजविण्याचा अभिनय करावयाचा, अशी पद्धत पडली. हेर्बेर्ट फॉन कारायान यांच्या बऱ्याच चित्रफितींत ही पद्धत वापरलेली आहे. १९६५ पासून त्यांनी ‘द वेजेस ऑफ फिअर’चे दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लुझो यांच्यासह काही चित्रफिती केल्या. शूमान यांच्या चौथ्या सिंफनीच्या चित्रफितीत तालमीचा भागही आहे व तो खरोखर उद्बोधक आहे. परंतु कारायान यांच्या पुढील काही मैफलींच्या चित्रफितींत वादक भूमितीतील आकृतीप्रमाणे रांगांत बसविलेले दिसतात, आणि प्रकाश पडतो तो प्रामुख्याने संचालकाच्या मुद्रेवर. या चित्रफिती देखण्या आहेत हे मान्य केले पाहिजे. पण वाद्यवृंद म्हणजे अनेक माणसांचे काम होय, ही गोष्टच त्यांतून निसटते.

याच्या उलट टोकाला दक्षिण जर्मनीतील श्टुटगार्ट येथे १९७० मध्ये घेतलेली एक चित्रफीत आहे. तीत कार्लोस क्लायबर तेथील नभोवाणीच्या वाद्यवृंदाबरोबर दोन पूर्वसंगीतांची तालीम घेतात. पहिले वेबर यांच्या ‘फ्रायशुट्झ’ या ऑपेराचे आणि दुसरे योहान श्ट्राउस यांच्या ‘फ्लेडरमाउस’ या हलक्याफुलक्या संगीतिकेचे. क्लायबर त्या वेळी चाळिशीच्या आसपास होते. समोरचे वादक अनुभवी, दोन्ही रचना त्यांच्या पाठ झालेल्या. आता यात नवीन काय शिकावयाचे, असा भाव सुरुवातीला काही चेहऱ्यांवर स्पष्ट दिसतो.

‘फ्रायशुट्झ’ १८२१ मध्ये बर्लिनला प्रथम रंगभूमीवर आले. त्याची कथा अरण्यातील शिकाऱ्याची आहे, आणि त्यात सैतानाशी केलेला सौदा आहे. पूर्वसंगीतात आधी चार हॉर्न अरण्याची शांत धून गातात. मग तंतुवाद्यांचा थरथरता स्वर सुरू होतो, आणि त्याखाली टिंपनीचे दबके ठोके पडतात. कागदावर येथे फारसे काही नाही. थोडे स्वर आणि ‘अगदी हळू’ अशी सूचना. ‘हळू’ वाजविले की झाले, असे कोणीही म्हणेल. क्लायबर यांचे तेवढ्याने समाधान होत नाही. हळूपणा निवांतपणाचाही असतो आणि भीतीचाही असतो. त्यांना हवा असतो तो भीतीचा. ते वादन पुनःपुन्हा थांबवितात, स्वतः गाऊन दाखवितात, आणि तांत्रिक सूचनांपेक्षा उपमा व गोष्टी यांच्या साहाय्याने बोलतात. काही वादक हसतात, काही नुसते पाहत राहतात. पण पुढच्या खेपेस तोच स्वर निराळा उमटतो, आणि हा फरक संगीताचे शिक्षण नसलेल्या माणसालाही ऐकू येतो. चित्रफितीचे सारे मोल या एका फरकात आहे. चेहऱ्यांवरचा संशय हळूहळू ओसरतो. त्याची जागा आज्ञाधारकपणा घेत नाही, कुतूहल घेते.

‘फ्लेडरमाउस’मध्ये अडचण वेगळी. त्यातील वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा नृत्यप्रकार. व्हिएन्नाच्या परंपरेत त्याची दुसरी मात्रा किंचित आधी येते. किती आधी, हे कोणत्याही स्वरलिपीत लिहिता येत नाही. जास्त झाले तर विडंबन होते, कमी झाले तर कवायत. ही गोष्ट एकमेकांच्या सहवासातच शिकावी लागते. आपल्याकडील ठेक्याचे वजनही असेच गुरूसमोर बसून कळते, पुस्तकातून कळत नाही.

क्लायबर मुलाखती देण्याचे कटाक्षाने टाळीत. त्यांनी मोजकेच ध्वनिमुद्रण केले. २००४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या कार्यपद्धतीचा प्रत्यक्ष पुरावा म्हणून ही चित्रफीत अधिकच मोलाची ठरली.

प्रत्येक तालीम इतकी गोड नसते. बर्नस्टाइन यांनी १९७० च्या दशकात व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर गुस्ताव मालर यांच्या सिंफनी चित्रित केल्या. मालर हे एकेकाळी त्याच वाद्यवृंदाचे संचालक होते, परंतु ते जन्माने ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांचे संगीत वर्ज्य ठरले होते. तालमींच्या चित्रफितींत बर्नस्टाइन कधी विनवणी करताना, तर कधी उघड चिडलेले दिसतात. मैफलीच्या चित्रफितीत या ताणाचा मागमूसही उरत नाही.

संचालक नसेल तर तालीम कशी होते, हे पाहावयाचे असल्यास क्रिस्टोफर नूपेन यांचा ‘द ट्राउट’ हा चित्रपट पाहावा. शूबर्ट यांची ही रचना अवघ्या पाच वाद्यांची. १९६९ मध्ये लंडनला पाच तरुण कलावंत ती बसवीत असताना नूपेन यांनी नव्याने निघालेल्या, आवाज न करणाऱ्या १६ मिलिमीटर कॅमेऱ्यांनी त्यांचे चित्रण केले. थट्टामस्करी, वाद्यांची अदलाबदल आणि मध्येच एखाद्या ओळीवर गंभीर चर्चा, असे सारे त्यात आहे. डबल बास वाजविणारा तरुण म्हणजे मुंबईत १९३६ मध्ये जन्मलेले झुबिन मेहता. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती. पुढे झुबिन मेहता यांनी व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीचे पाच वेळा संचालन केले. ही मैफल १९५९ पासून दूरचित्रवाणीवर दाखविली जाते.

गोमंतकीयांना स्वरलिपी परकी नाही. चर्चशी संलग्न शाळांतून स्वरवाचन व व्हायोलिन शिकलेले कितीतरी गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत वाद्यवृंद उभा करून भारतीय रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. संपूर्ण वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्याची संधी मात्र खेड्यातील मुलांना क्वचितच मिळते. बर्लिन फिलहार्मोनिकने २००८ मध्ये आपल्या मैफली सशुल्क रीतीने आंतरजालावर दाखविण्यास प्रारंभ केला, आणि जुन्या तालमींच्या चित्रफितीही आता पाहावयास मिळतात.

शाळेत अशी चित्रफीत दाखविताना क्रम उलटा ठेवणे बरे. प्रथम पडदा बंद ठेवून ‘फ्रायशुट्झ’चे पूर्वसंगीत नुसते ऐकवावे, त्यास सुमारे दहा मिनिटे लागतात. मग तालमीतील थरथरत्या स्वरांचा भाग दाखवावा. भाषा जर्मन असली तरी अडत नाही. क्लायबर यांचे गाणे व हातवारे पुरेसे बोलके आहेत. त्यानंतर तोच भाग पूर्ण वादनात पुन्हा ऐकवावा, आणि मुलांना कोणता फरक जाणवला हे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहावयास सांगावे. दुसऱ्या खेपेस संचालकाकडे न पाहता मागच्या रांगेतील टिंपनीवादकाकडे लक्ष देण्यास सांगितल्यास, तो किती वेळ मोजीत बसतो आणि नेमका केव्हा उठून हात उगारतो, हे मुले आपणहून शोधून काढतात.