जनावराचा विमा

गोठ्यातली म्हैस म्हणजे घरातली चालती ठेव. तिच्या दुधावर मीठ-मिरची येते, पोरांच्या वह्या येतात. सावकाराचा हप्ताही त्यातूनच जातो. ही ठेव एका रात्रीत बुडाली तर काय होते, ते ज्याची बुडाली त्यालाच ठाऊक.

पेण आणि रोहा तालुक्यांत जनावरांना धोके थोडेथोडके नाहीत. पाऊस लागला की चार महिने गोठा ओला, चारा ओला, पायाखाली चिखल. याच दिवसांत घटसर्प येतो. जनावराला ताप भरतो, गळा सुजतो, घशात घरघर लागते. एक-दोन दिवसांत जनावर हातचे जाते. फऱ्या रोगात फऱ्याला सूज येते. ती दाबली की चरचर वाजते. लाळ्या-खुरकुतात तोंडात आणि खुरांत फोड येतात. मोठे जनावर त्यातून बहुधा वाचते, पण दूध आटते. भाताच्या बांधावर आणि पेंढ्याच्या ढिगात साप असतो. वडखळ, नागोठणे, कोलाड या वाटेने मुंबई-गोवा रस्ता जातो. त्यावर गाडीची धडक बसते ती वेगळीच.

शिवाय पूर आहे. १९८९ सालच्या जुलैत अंबा नदीला महापूर आला. जांभूळपाडा आणि नागोठणे येथे हाहाकार झाला. माणसे वाहून गेली, तिथे गोठ्यातल्या मुक्या जिवांची काय कथा!

असे संकट आले की आपण म्हणतो, "नशीब!" नशीब खरेच. पण हाताशी उपाय असतील तर ते नीट समजून घ्यावेत.

तीन दारे

जनावरावर संकट आले तर मदतीची तीन दारे आहेत. कुठल्या दारात काय मिळते हे ठाऊक नसले की माणूस हेलपाटे घालतो आणि रिकाम्या हाताने परततो.

पहिले दार जनावरांच्या दवाखान्याचे. जनावर आजारी पडले की तिथे जावे. सरकारी दवाखान्यात फी थोडी असते. १९६२ या नंबरावर फोन केला की जनावरांसाठी मदत मागता येते. फोनला पैसे पडत नाहीत.

दुसरे दार विम्याचे. जनावर मेले तर विमा पैसे देतो.

तिसरे दार तहसील कचेरीचे. पूर आला, वीज पडली आणि जनावर गेले, तर तलाठी पंचनामा करतो आणि सरकारी मदत मिळते. २०२२ साली केंद्र सरकारने ठरवलेल्या दरात दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,००० रुपये आणि शेळीला ४,००० रुपये होते. किती जनावरांना मदत मिळेल, यालाही मर्यादा असते.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. गाई-म्हशीचा नेहमीचा विमा औषधपाण्याचा खर्च देत नाही. शहरातले लोक हौसेच्या कुत्र्याचा विमा उतरवतात. त्यातल्या काही विम्यांत डॉक्टरचे बिलही मिळते. आपल्या गोठ्याच्या विम्याचे तसे नाही. तो जनावराच्या मरणाचा विमा आहे. म्हणून "विमा आहे, आता लस कशाला?" असे कधी म्हणू नये. लस टोचून न घेतल्याने रोग झाला, तर कंपनी पैसे नाकारू शकते.

विमा म्हणजे काय?

समजा, शंभर घरांत शंभर म्हशी आहेत. एकेका म्हशीची किंमत ६०,००० रुपये. प्रत्येक घराने वर्षाला २,४०० रुपये एका ठिकाणी जमा केले. जमा झाले २,४०,००० रुपये. वर्षात चार म्हशी मेल्या. त्या चार घरांना ६०,००० रुपयांप्रमाणे भरपाई मिळाली. एकाचे संकट शंभरांनी वाटून घेतले. याचेच नाव विमा. कंपनी पैसे गोळा करते, हिशेब ठेवते आणि त्यासाठी आपला खर्चही घेते.

२,४०० रुपये ऐकून छाती दडपते. पण राष्ट्रीय पशुधन अभियानात सरकार हप्त्याचा मोठा भाग भरते. २०२४ साली केंद्र सरकारने ठरवले, की शेतकऱ्याने शंभरातले १५ रुपये भरावेत. बाकीचे ८५ केंद्र आणि राज्य सरकारने भरावेत. म्हणजे वरच्या हिशेबाने शेतकऱ्याचे ३६० रुपये आणि सरकारचे २,०४० रुपये. एका घराला दहा मोठ्या जनावरांपर्यंत किंवा शंभर शेळ्या-मेंढ्यांपर्यंत हा लाभ आहे. हप्त्याचा नेमका दर काय, आपल्या तालुक्यात सध्या नोंदणी चालू आहे का, हे दवाखान्यात विचारावे. नोंदणी चालू नसेल तर कंपनीकडून पूर्ण हप्ता भरूनही विमा घेता येतो.

सगळा खेळ बिल्ल्याचा

जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारतात. त्यावर बारा आकडे असतात. माणसाला जसे आधार कार्ड, तसा जनावराला बिल्ला. विम्याच्या कागदावर तोच नंबर लिहिलेला असतो. कानात बिल्ला नसला, तर मेलेली म्हैस विम्याचीच हे कोण सांगणार? म्हणून बिल्ला पडला तर त्याच दिवशी दवाखान्यात आणि कंपनीला कळवावे, नवा मारून घ्यावा आणि नवा नंबर विम्याच्या कागदावर चढवून घ्यावा.

विमा उतरवताना डॉक्टर जनावर तपासतो. वय, वेत, दूध पाहून किंमत ठरते. मालक, जनावर आणि बिल्ला दिसेल असा फोटो काढतात. किंमत फुगवून सांगू नये, कमीही सांगू नये. कागद हाती आला की नंबर आणि किंमत स्वतः वाचून पाहावी. आता तुम्हाला वाचता येते. मग दुसऱ्याच्या भरवशावर अंगठा कशाला?

आणखी चार गोष्टी विचाराव्या. विमा कुठल्या तारखेपासून लागू? बहुतेक विम्यांत रोगाने आलेल्या मरणाला पहिले सुमारे १५ दिवस पैसे मिळत नाहीत. मुदत कधी संपते? म्हैस मेली नाही पण कायमची निकामी झाली, तर काही मिळते का? ती जोड बहुधा वेगळी मागावी लागते. आणि कशाला पैसे मिळत नाहीत? चोरी, हरवणे, मुद्दाम मारणे, आधीचा आजार आणि मालकाची हयगय यांना बहुधा नाही. म्हणून गुरे रस्त्यावर मोकाट सोडू नयेत.

दोन घरे

समजा, एका गावात दोन घरे आहेत. दोघांच्याही म्हशींचा विमा आहे. श्रावणात पहिल्या घरची म्हैस साप चावून मेली. रात्रीची वेळ, वरून पाऊस. घरच्यांनी खड्डा खणला आणि म्हैस पुरली. आठ दिवसांनी कंपनीला कळवले. तपासायला जनावर नाही, दाखवायला बिल्ला नाही. पैसेही नाहीत. वरातीमागून घोडे!

महिन्याने दुसऱ्या घरची म्हैस गेली. घरात बाई एकटी. ती रडत कुदळ शोधू लागली. तेवढ्यात शेजारी धावत आला.

"वहिनी, थांबा! खड्डा नको इतक्यात. बिल्ल्यालाही हात लावू नका."

"भावोजी, मेलेलं जनावर दारात किती वेळ ठेवायचं?"

"डॉक्टर येईपर्यंत. कागद कुठं आहे विम्याचा? त्यावर फोन नंबर असंल."

"पेटीत आहे. मीच ठेवलाय."

कागद सापडला. रात्रीच कंपनीला फोन गेला. सकाळी दवाखान्यातून डॉक्टर आले. त्यांनी जनावराची चिरफाड करून तपासणी केली आणि दाखला दिला. फोटो काढले. बिल्ला कानासकट काढून कागदांसोबत कंपनीला दिला. मग म्हैस पुरली. दुःख दोन्ही घरांना सारखेच झाले. पण दुसऱ्या घरात पुन्हा म्हैस आली.

साथीच्या वेळी

२०२२ साली महाराष्ट्रात लंपी रोगाची साथ आली. तेव्हा सरकारने मेलेल्या दुभत्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत दिली. पण ती मदत त्या साथीपुरती होती. दर वेळी सरकार अशी मदत देईलच असे नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये. विमा उन्हाळ्यातच उतरवावा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्यावी. लाळ्या-खुरकुताची लस सरकार फुकट देते. ती वर्षातून दोनदा घ्यावी. पिसाळलेले कुत्रे जनावराला चावले, तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धुताना आपला हात उघडा ठेवू नये.

कंपनीने विनाकारण पैसे अडवले तर गप्प बसू नका. लेखी कारण मागा. अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे दाद मागता येते. मात्र बोलणे उपयोगी पडत नाही, कागद उपयोगी पडतो.

ध्यानात ठेवा

आजाराला दवाखाना, मरणाला विमा, पुराला तहसील.
कानात बिल्ला, पेटीत कागद.
जनावर मेले तर २४ तासांच्या आत कळवा.
डॉक्टरने तपासल्याशिवाय पुरू नका.

आज संध्याकाळी गोठ्यात जा. आपल्या जनावराच्या बिल्ल्यावरचे बारा आकडे मोठ्याने वाचा आणि वहीत लिहून ठेवा.