अंग चोळले की बरे का वाटते?

दिवसभर रानात राबून माणूस घरी येतो. पाठ धरलेली असते. पिंढऱ्या ठणकत असतात. घरचे कोणी तेल कोमट करून पाठ चोळून देते. थोड्या वेळाने जांभया येऊ लागतात. पोटात गुडगुडते. डोळे मिटायला लागतात.

आता पाहा, हात फिरला तो पाठीवर. मग पोटात का गुडगुडले? झोप का आली? याचे उत्तर आपण समजून घेऊ.

न सांगता होणारी कामे

आपल्या शरीरात दोन तऱ्हेची कामे चालतात. नांगर धरणे, भाकरी थापणे ही कामे आपण मनात आणली तर होतात. पण काळजाचे ठोके, अन्न पचणे, घाम येणे ही कामे आपल्याला विचारून होत नाहीत. आपण झोपलो तरी ती चालूच असतात.

ही कामे मेंदूच्या ताब्यात असतात. मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून बारीक दोऱ्यांसारखे मज्जातंतू निघतात. ते सगळ्या शरीरात पसरतात. बोलताना आपण त्यांना नसा म्हणतो. पण रक्ताच्या शिरा वेगळ्या, हे वेगळे. यांतून रक्त वाहत नाही, निरोप जातात. न सांगता होणारी कामे जे मज्जातंतू चालवतात, त्या सगळ्यांना मिळून 'स्वायत्त मज्जासंस्था' म्हणतात. स्वायत्त म्हणजे आपला कारभार आपण पाहणारी.

आसूड आणि कासरा

गाडीवानाजवळ आसूड असतो, तसा कासराही असतो. एकाने बैल पळतात, दुसऱ्याने आवरतात. या मज्जातंतूंचेही असेच दोन गट आहेत.

अंधारात पायाशी साप सळसळला, तर काय होते? छाती धडधडते. तोंडाला कोरड पडते. अंगावर काटा येतो. घाम फुटतो. हे आसुडाचे काम. पळायचे की काठी उचलायची, दोन्हीला शरीर तयार होते. त्या वेळी पोटाचे काम मागे पडते.

साप निघून गेला की दुसरा गट कासरा ओढतो. ठोके हळू होतात. तोंडाला पाणी सुटते. पोट पुन्हा कामाला लागते. या गटातला सर्वांत मोठा मज्जातंतू मेंदूतून निघतो. मानेतून, छातीतून तो थेट पोटात उतरतो. डॉक्टर त्याला 'व्हेगस' म्हणतात.

कर्जाची चिंता, घरातली भांडणे, अपुरी झोप यांनीही आसूड चालूच राहतो. साप नसतो, पण शरीर सापासमोर असल्यासारखे ताणलेले असते.

हात काय निरोप देतो?

कातडीत आणि तिच्याखाली स्पर्श ओळखणारे मज्जातंतू असतात. ओळखीचा हात सावकाश, बेताच्या दाबाने फिरला की मेंदूला निरोप जातो, "भीतीचे कारण नाही." मग आसूड खाली येतो आणि कासरा ओढला जातो. पोटातली गुडगुड ही त्याचीच खूण.

दाब मात्र बेताचा हवा. अमेरिकेत २० निरोगी माणसांवर एक लहानसा प्रयोग झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. बेताच्या दाबाने चोळले, त्यांच्यात कासऱ्याचे काम वाढलेले दिसले. नुसता हलका हात फिरवला, त्यांच्यात उलट झाले. आणि फार जोराने रगडले तर दुखते. दुखणे हा शरीराला धोक्याचाच निरोप.

लहान बाळांचेही पाहा. १९८६ साली अमेरिकेतलाच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना १० दिवस, रोज ३ वेळा, १५-१५ मिनिटे चोळले. दूध इतर बाळांइतकेच घेतले. तरी या बाळांचे वजन रोज ४७ टक्के जास्त वाढले. म्हणजे इतरांचे १०० ग्रॅम वाढले, तर यांचे १४७. पुढच्या अभ्यासात दिसले की, चोळल्याने अशा बाळांच्या व्हेगसचे काम वाढते आणि पोटाची हालचालही वाढते.

आपल्याकडे बाळाला तेल लावून न्हाऊ घालतात. ते चांगलेच. पण नाकात, कानात तेल घालू नये. नाकातले तेल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारावे.

कुठे हात थांबवावा?

चोळण्याचा आराम खरा, पण तो थोड्या वेळाचा. त्याने रक्तदाबाचा आजार जात नाही. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका.

मानेला झटका देऊन कडकन मोडून घेऊ नका. मेंदूला रक्त नेणारी शीर फाटून लकवा होऊ शकतो. गळ्याच्या दोन्ही बाजूही दाबू नका. तिथे दाबले तर ठोके एकदम मंदावतात आणि माणूस चक्कर येऊन पडतो. एकच पाय सुजला, गरम झाला, दुखू लागला, तर तो चोळू नका. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. छातीत दाबल्यासारखे दुखते आहे, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते आहे, अंगाला गार घाम सुटला आहे. अशा वेळी घरचे म्हणतात, "वात धरला असेल, जरा तेल लावून चोळा." चोळण्यात तास जातो आणि माणूस हातचा जातो. तो गार घाम म्हणजे आतला आसूड जिवाच्या आकांताने चालला आहे. काळजाचे रक्त अडले असेल, तर बाहेरून चोळून ते मोकळे होत नाही. लगेच १०८ नंबरला फोन लावा. रुग्णवाहिका येते, तिचे पैसे पडत नाहीत.

थकल्या अंगाला हात लावा, सावकाश चोळा. पण गार घाम दिसला, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.