नाव शेगडीचे, करामत तव्याची

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेल्या आईवडिलांसमोर कधी ना कधी ‘आज हिबाचीला जाऊ या’ असा बेत येतो. उंच टोपी घातलेला आचारी, त्याच्यापुढे टेबलाएवढा तापलेला लोखंडी तवा आणि तव्याभोवती बसलेली आठ माणसे. उलथन्यावर अंडे नाचते, कांद्याच्या चकत्यांच्या मनोऱ्यातून ज्वाळा उसळतात, कोळंबीची शेपटी उडून थेट आचाऱ्याच्या टोपीत पडते. नातवंडे टाळ्या पिटतात. आजीच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो. शेजारच्या अनोळखी पाहुण्याने गोमांस मागवले आहे, ते याच तव्यावर भाजणार का? अन्न डोळ्यांसमोर शिजते म्हणून निर्धास्त व्हावे, की अधिक सावध राहावे?

उत्तर शोधायचे तर या जेवणाचा जन्म कसा झाला ते पाहायला हवे.

शेगडी कुठली, तवा कुठला?

हिबाची म्हणजे चक्क शेगडी. जपानी भाषेत ‘हि’ म्हणजे विस्तव आणि ‘हाची’ म्हणजे भांडे. चिनी मातीच्या, लाकडाच्या किंवा धातूच्या भांड्यात राख भरायची, त्यावर कोळशाचे निखारे ठेवायचे आणि थंडीच्या दिवसांत भोवती बसून हात शेकायचे. फार तर वर चहाच्या पाण्याची किटली. घर ऊबदार ठेवणे हेच तिचे मुख्य काम. आचाऱ्याच्या कसरतींशी तिचा काहीही संबंध नाही.

अमेरिकेत ज्याला हिबाची म्हणतात, त्याचे जपानी नाव तेप्पान्याकी. ‘तेप्पान’ म्हणजे लोखंडी पत्रा आणि ‘याकी’ म्हणजे भाजणे. कोबे शहरातल्या मिसोनो या रेस्टॉरंटने १९४५ साली ही पद्धत सुरू केली असे मानले जाते. तापल्या पत्र्यावर पाहुण्यांसमोर मांस भाजण्याच्या या प्रकाराचे कौतुक स्थानिक लोकांपेक्षा परदेशी पाहुण्यांनाच जास्त होते. त्यात नवल नाही. बौद्ध विचारांच्या प्रभावाने जपानमध्ये कित्येक शतके चतुष्पाद प्राण्यांचे मांस सहसा वर्ज्य होते. सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे १८७२ साली जाहीर झाले, त्यानंतर ते तिथे हळूहळू रुळले.

चार टेबलांचे धाडस

हा तवा अमेरिकेत लोकप्रिय केला तो हिरोआकी ऊर्फ रॉकी आओकी यांनी. १९३८ साली टोकियोत जन्मलेला हा तरुण कुस्तीच्या निमित्ताने अमेरिकेत आला आणि तिथेच राहिला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्याने गाडीवर आइस्क्रीम विकले, रेस्टॉरंट चालवण्याचे शिक्षण घेतले आणि दहा हजार डॉलर साठवले. १९६४ साली मॅनहॅटनमधल्या पश्चिम ५६व्या रस्त्यावर त्याचे ‘बेनिहाना’ सुरू झाले. टेबले होती फक्त चार. नाव वडिलांच्या टोकियोतल्या कॉफीच्या दुकानाचे. बेनिहाना म्हणजे लाल फूल, आणि ते फूल आपल्या सोलापूरकडच्या शेतांत दिसणाऱ्या करडईचे!

महायुद्ध संपून तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. आओकी यांनी एक गोष्ट अचूक हेरली होती. अमेरिकन माणसाला परके वातावरण आवडते, पण परके अन्न ताटात आले की तो बिचकतो. म्हणून त्यांनी कच्च्या माशाला फाटा दिला. गोमांस, कोंबडी, कोळंबी, कांदा, मश्रूम असे ओळखीचे जिन्नस ठेवले आणि स्वयंपाकघरच टेबलाशी आणले. काय शिजते आहे, ते बघा आणि मग खा! सुरुवातीचे महिने जेमतेम गेले. मग १९६५च्या सुमारास एका वृत्तपत्रात स्तुतिपर लेख आला आणि गर्दी लोटली. पुढे बीटल्स आणि मुहम्मद अली यांच्यासारखी मंडळीही तिथे जेवून गेली. आओकी २००८ साली वारले, तोवर त्यांची पद्धत अमेरिकेच्या गावोगावी पोहोचली होती.

खेळामागचा हिशेब

या तमाशामागे पक्का व्यवहार आहे. स्वयंपाक बाहेर झाल्यामुळे आतल्या मुदपाकखान्याची बरीच जागा वाचते आणि तिथे आणखी टेबले मांडता येतात. पदार्थ मोजकेच, म्हणून नासाडी कमी. अनोळखी माणसांना एकत्र बसवले की एकही खुर्ची रिकामी राहत नाही. आचाऱ्याचा खेळ संपला की पाहुणेही उठतात. हा हिशेब इतका चोख होता, की हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९७२ साली त्यावर विद्यार्थ्यांसाठी अभ्यासपाठच तयार केला.

तवा एक, पाने आठ

आपली अडचणही इथेच आहे. आठ अनोळखी माणसे एका तव्यावर जेवतात. आचारी पदार्थ वेगवेगळ्या कोपऱ्यांत भाजतो आणि मधूनमधून तवा खरवडतो, पण खरवडणे म्हणजे धुणे नव्हे. म्हणून काही गोष्टी आधीच ठरवाव्यात.

आरक्षण करतानाच आपल्या पथ्याची कल्पना द्यावी आणि भाज्या व टोफू आतल्या स्वयंपाकघरात वेगळ्या भांड्यात करून मिळतील का, ते विचारावे. घरची आणि स्नेह्यांची मिळून आठ माणसे जमत असतील तर सर्वांत उत्तम. टेबल आपलेच, मग त्या बैठकीत तव्यावर काय पडेल तेही आपणच ठरवायचे. त्याआधीच्या बैठकीचे काय, हा प्रश्न कडक शाकाहारी मंडळींना उरतोच. त्यांनी आतून आलेले ताटच घ्यावे.

सुरुवातीला येणारे पातळ सूप निरुपद्रवी दिसते, पण ते बहुधा मांसाच्या अर्कावर केलेले असते. परतलेल्या भातात अंडे असते, पांढऱ्या सॉसमधल्या मेयोनीजमध्येही ते असते. ज्वाळा उठवण्यासाठी कधी कधी मद्य वापरतात. हे सारे विचारण्यात संकोच नको.

घरात कुणाला कोळंबीची अॅलर्जी असेल, तर हा केवळ आवडीनिवडीचा मामला राहत नाही. शेजारच्याच्या पानातली कोळंबीही त्याच तव्यावर, त्याच उलथन्याने भाजली जाते. अशा वेळी तव्याभोवती न बसता दुसरे रेस्टॉरंट शोधणेच शहाणपणाचे. लहान मुलांना मधल्या खुर्चीवर, दोन मोठ्यांच्या मध्ये बसवावे. तवा दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो आणि त्याची कड मुलांच्या हातापासून फार दूर नसते.

एवढी काळजी घेतली, की मग खुशाल टाळ्या वाजवाव्यात. तव्यामागचा आचारी जपानीच असेल असे नाही. तोही बहुधा दूर देशातून पोट भरायला आलेला आणि हे कसब मेहनतीने शिकलेला असतो. प्रश्न तोंडावर विचारता येईल असा आचारी समोर उभा असणे, ही सोय फार थोड्या रेस्टॉरंटांत मिळते. आजीने तिचा उपयोग जरूर करून घ्यावा.