मापाच्या गावातले वाटे

शुक्रवारी सकाळी म्हापशाला जाणाऱ्या बसमध्ये माणसांपेक्षा पिशव्या जास्त असतात. पणजीपासून जेमतेम १३ किलोमीटरवरचं हे बार्देस तालुक्याचं गाव. इथला बाजार तसा इतर दिवशीही भरतो, पण आसपासच्या खेड्यांतल्या बाया परसातला माल घेऊन उतरतात त्या शुक्रवारी. गावाचं नाव ‘माप’ या शब्दावरून पडलं, असं लोक सांगतात. गंमत अशी, की या मापाच्या गावात बराचसा माल तराजूवर चढतच नाही. तांबडी भाजी जुडीने, नारळ नगाने, केळी डझनाने आणि बाकीचं वाट्याने.

वाटा म्हणजे गोणपाटावर मांडलेला लहानसा ढीग. बिंबलांचा, तोरांचा, नाहीतर सुक्या मिरच्यांचा. गिऱ्हाइकाने वाटा उचलला, की बाई टोपलीत हात घालते आणि न मोजता तेवढाच दुसरा लावते.

पुण्या-मुंबईत ‘गावठी’ म्हटलं की नाक मुरडलं जातं. इथे तीच मालाची सगळ्यांत मोठी शिफारस. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते, म्हणून ‘गावठी गो?’ हा प्रश्न भावाच्याही आधी विचारायचा. जवळच्याच मोयऱ्याची जाडजूड केळी, पेडण्याकडची हरमलची मिरची, थेट काणकोणातल्या डोंगरउतारांवरची खोल्याची मिरची, या तिघींना आता भौगोलिक मानांकन मिळालंय. बाजारात मात्र कागद कुणी मागत नाही. मिरचीचं देठ मोडायचं, वास घ्यायचा, झालं. ही मिरचीसुद्धा मूळची अमेरिकेची. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर ती त्यांच्या जहाजांतून इकडे आली आणि इथल्या मातीत गावठी झाली.

बाजाराचा खरा जोर मे महिन्यात. पावसात मासेमारी बंद, म्हणून घरोघरी ‘पुरुमेंत’ भरायचं. बेगमीसाठीच्या ‘प्रोव्हिमेंतो’ या पोर्तुगीज शब्दाचं हे कोकणी रूप. मग सुका बांगडा, सुंगटं, सोलं, चिंच, मीठ यांच्या राशी लागतात. शेजारी चोरिसच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, लालभडक माळा लोंबत असतात. त्यातून व्हिनेगरचा आंबूस वास येतो.

मी मिरचीवालीपाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती.

“वाटो कितल्याक, मावशी?”

“पन्नास.”

सकाळीही तिने पन्नासच सांगितले होते. तेव्हा मी पुढे गेलो होतो, परतताना भाव उतरेल या हिशेबाने. भाव काही उतरला नाही. तिने फक्त उरलेले दोन ढीग तळव्यांनी एकत्र लोटले.

“घे रे पुता, बस येतली.”

माझ्या पिशवीत सगळं ओतून तिने गोणपाट झटकलं. आम्ही दोघंही शिंकलो.