अंगणात आलेली शाळा

मुलांसाठी काहीतरी करावं असं पुष्कळांना वाटतं. मग जागा मिळवली जाते, पाटी लागते, उद्घाटन होतं. आता फक्त मुलांनी यायचं असतं आणि काम नेमकं तिथंच अडतं.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. त्याआधी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता. मॉन्टेसरी पद्धतीचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. बोर्डीला त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंना बालपणीच वैधव्य आलेलं, शिक्षण त्यांनी जिद्दीनं पुरं केलेलं. बालवाडी तयार झाली, पण गावातल्या गरीब वस्तीतली मुलं काही तिकडं फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी साधा उपाय केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनं मुलाकडं जायचं. शिक्षिका वस्तीत गेल्या, अंगणात बसल्या. आधी मुलांची नखं काढली, आंघोळी घातल्या, केस विंचरले. मग गाणी आणि गोष्टी. महागडी साधनं नव्हती. शंखशिंपले, पानं, बिया, खडे यांवर मोजणी झाली. या शाळेला नाव पडलं अंगणवाडी.

१९५७च्या सुमारास हे काम डहाणूजवळ कोसबादच्या टेकडीवर गेलं. तो भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. तिथली वारली मुलं गुरांमागं रानात जात, म्हणून शाळाही कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. मोठ्या मुली येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. ही विकासवाडी. बहिणीनं भावाला पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात निर्धास्त बसायचं.

या व्यवस्थेची किंमत मला ठाऊक आहे. आमची आपा चौथीनंतर शाळेत गेली नाही. ती नापास झाली नव्हती, घरात तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. अम्मी गोदामात शेंगा फोडायला जायची आणि मी आपाच्या कडेवर असायचो. पुढं मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. त्या माझ्या शिक्षणात आपाची पाचवी, सहावी आणि सातवी जमा आहे. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा एखादं पाळणाघर असतं, तर दोघंही शिकलो असतो.

म्हणून मुलांची संस्था ही कुटुंबाची संस्था असावी लागते. आई कामाला जाते तेव्हा तान्हं कुणापाशी असतं? पाणी कोण भरतं? गुरं कोण राखतं? हे प्रश्न शिक्षणाचे वाटत नाहीत, पण मूल शाळेत बसणार की नाही, हे त्यांच्याच उत्तरांवर ठरतं. ताराबाई-अनुताईंनी ही उत्तरं वस्तीत जाऊन शोधली आणि संस्था त्याप्रमाणे वाकवली. वस्तीनं आपल्या सोयीप्रमाणे वाकावं, असा हट्ट धरला नाही.

ताराबाई १९७३ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रं आहेत. तिथं पूरक आहार मिळतो, वजन घेतलं जातं, लसीकरणाला मदत होते. हे सारं सांभाळणारी सेविका बहुधा त्याच गावातली असते. तिचं मानधन तुटपुंजं आणि नोंदवह्यांचा ढीग मोठा. तिच्यासाठी आपण काय करतो, हाही मुलांच्याच भल्याचा प्रश्न आहे.

कुणाला आज नवी संस्था काढायची असेल, तर त्यानं जरूर काढावी. फक्त जागा बघण्याआधी एक दिवस सकाळी वस्तीत जावं आणि मुलं कुणाच्या कडेवर आहेत, एवढं पाहून यावं.